माल आपला, नाकारायचा हक्क त्यांचा : मॉल, ॲप आणि नाशिकचा भाजीपाला

निफाडची_वेल
मॉल आणि ॲपवाले शेतकऱ्याला भाव देतात की लुटतात यावर इथं आधीही धागे रंगून गेलेत. भांडण प्रत्येक वेळी भावावरच अडकलं. बाजार समितीपेक्षा किलोमागं रुपया-दोन रुपये ते जास्त देतात, खोटं कशाला बोलायचं? माझ्या मते खरी गोम माल नाकारण्यात आहे.

आमच्याकडं द्राक्ष आणि थोडा टोमॅटो. जवळच एका सुपरमार्केट साखळीचं खरेदी केंद्र आहे. नाव घेत नाही, सगळ्यांची रीत थोड्याफार फरकानं तीच. आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर इंडेंट येतो : उद्या टोमॅटो इतके कॅरेट. करार नाही, सही नाही. सकाळी माल घेऊन गेलं की एक पोरगा टेबलावर कॅरेट उपडं करतो. रंग बघतो, आकार बघतो, देठाजवळची चीर बघतो. आता गंमत बघा. शहरात खप कमी असला की त्या दिवशी चिरा जास्त सापडतात. सणाच्या तोंडावर मागणी वाढली की तोच डाग "चालतंय दादा, उतरवा". टोमॅटो तोच, बागायतदार तोच, प्रत मात्र दुकानातल्या खपावर ठरते. त्या पोराला मी दोष देत नाही, त्याला वरून आकडा आलेला असतो.

परत दिलेला माल घेऊन पिंपळगावच्या बाजार समितीत गेलं तर व्यापारी एका नजरेत ओळखतो की हा निवडून उरलेला माल आहे. लिलावात त्याला तसाच भाव मिळतो. वर गाडीभाडं दोनदा.

आता त्या जास्तीच्या रुपया-दोन रुपयांचं. केंद्राचा भाव बहुतेक वेळा बाजार समितीच्या सरासरीला धरून असतो, सरासरी अधिक काहीतरी. पण ते घेतात तो माल सरासरी नसतो, वरचा असतो. तोच माल लिलावात वेगळा मांडला असता तर सरासरीच्या बराच वर गेला असता. म्हणजे चांगला माल सरासरीला चिकटून द्यायचा आणि उरलेला सरासरीच्या खाली विकायचा. दोन्ही पट्ट्यांची, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठ्यांची, बेरीज करून बघा, मग बोलू.

द्राक्षाच्या निर्यातीतही हाच खेळ आहे, फक्त टेबल तिकडं युरोपात, रॉटरडॅम बंदरात असतं. त्यावर जाणकारांनी लिहावं. मला एवढंच विचारायचंय की यावर कुणी काही उपाय करून बघितलाय का? नुसती हळहळ नको.

---

खवचट_मिरची
पहिला लंबर माझा. जागा राखीव.

---

गंगापूररोडवासी
शेतकऱ्यांबद्दल आदर ठेवून ग्राहकाची बाजू मांडतो. आम्ही दोघं नोकरीवाले. भाजीसाठी रविवार कारंज्यावर गेलं तर गाडी लावायला जागा नाही. भाजीवाल्याकडं वरचे चार टोमॅटो लालभडक आणि पिशवीत खालचे पिचलेले निघतात. मॉलमध्ये स्वतः निवडता येतं, वजन समोर होतं, भाव पाटीवर असतो. ॲपवरून आलेली मेथी खराब निघाली तर फोटो पाठवला की पैसे परत.

आणि आधीची व्यवस्था फार गोड होती असंही नाही. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांचे २०२४ मध्ये आलेले निबंध बघा. ग्राहकाच्या रुपयातले टोमॅटो उत्पादकाला साधारण ३३ पैसे, कांद्यात ३६, बटाट्यात ३७ पैसे मिळतात. द्राक्षाला ३५, केळीला ३१. आपल्या देशात भाजीपाल्याच्या व्यापारात मॉलचा वाटा अजून लहान आहे. मग उरलेले पासष्ट पैसे मॉलनं खाल्ले म्हणायचं कसं?

---

निफाडची_वेल
गंगापूररोडवासी, आकडे मान्य. मॉलनं खाल्ले असं मी म्हटलेलंच नाही. पण तुमच्याच प्रतिसादातलं एक वाक्य उचलतो : "फोटो पाठवला की पैसे परत". ते परतीचे पैसे कोण भरतं, याचा कधी विचार केलाय का?

---

आडत्याचा_नातू
नाव बघून चपला काढू नका, आधी ऐकून घ्या.

आजोबांपासून आमचा पंचवटीतल्या बाजार समितीत गाळा. आम्हाला दलाल म्हणून शिव्या खायची सवय आहे. पण एक गोष्ट सांगतो. यार्डात आलेला माल यार्डात विकला जातो. कोथिंबीर शेकड्याला, म्हणजे शंभर जुड्यांना, पाच हजार असो की पाचशे, जुडी मोठी असो, लहान असो, थोडी पिवळी असो, तिला कुणीतरी गिऱ्हाईक मिळतं. चांगली मुंबईला जाते, मधली गावातल्या हातगाडीवर, पडेल ती खानावळीत. दहा जणांचे दहा हिशोब असतात म्हणून माल खपतो. साखळीला एकच हिशोब असतो, वरच्या प्रतीचा. बाकीचा तुमचा तुम्ही बघा.

दुसरं म्हणजे पैसे. आमच्याकडं पट्टी हातात पडते. बुडवले तर तक्रार करायला बाजार समिती आहे, परवाना आहे, संचालक मंडळ आहे. २०१६ साली फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला तेव्हा टाळ्या पडल्या. यार्डाबाहेर खरेदी करणाऱ्यानं पैसे थकवले तर जायचं कुठं, याचं उत्तर तेव्हाही नव्हतं आणि आजही धड नाही. द्राक्षाचे पैसे बुडवून पळालेल्या व्यापाऱ्यांच्या फिर्यादी दिंडोरी-निफाडच्या पोलीस ठाण्यांत दर हंगामाला होतात, हे इथल्या कुणाला नवीन आहे का?

---

कादवाकाठ
नातूशेठ, अर्धं बरोबर बोललात. उरलेलं अर्धं मी सांगतो.

२०१६ च्या आधी आडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जायची. सरकारनं ती खरेदीदाराकडून घ्या म्हटलं तर जुलैमध्ये बाजार समित्या बंद कोणी ठेवल्या? आणि वजावट, कडता, नमुन्याच्या नावाखाली चार पेंड्या बाजूला ठेवणं, हे काय मॉलवाल्यांनी शोधून काढलं? व्यापाऱ्यांनी ठरवून लिलाव पाडणंही आम्ही बघितलंय. तुमच्या यार्डात नाकारत नाहीत हे खरं, पण तिथं भावानंच नाकारतात.

तरी एका मुद्द्यावर मी तुमच्या बाजूनं आहे. साखळ्या आणि ॲपवाले भाव ठरवतात कशावरून? तुमच्या लिलावावरून. चांगला माल परस्पर बाहेर गेला आणि यार्डात नुसता उरलासुरला राहिला, तर तो लिलाव कशाचा भाव सांगणार? त्यांनी झाड कापलं नाही, पण मुळाशी पाणी जाऊ देत नाहीत. आज आम्ही केंद्राला म्हणू शकतो की "नको तर नको, पिंपळगावला नेतो". पिंपळगावच ओस पडलं तर हे म्हणायची सोय राहणार नाही, आणि मग तो जास्तीचा रुपयाही जाणार.

---

पॅकहाऊसवाली
मी दिंडोरी तालुक्यात एका पॅकहाऊसमध्ये गुणवत्ता विभागात आहे. निर्यातीबद्दल विचारलंय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

युरोपचा कायदा फवारणीच्या प्रत्येक औषधाच्या अंशाची एक मर्यादा ठरवतो, तिला एमआरएल म्हणतात. कायद्यापुरतं बोलायचं तर माल त्या मर्यादेच्या आत असला की विषय संपला. पण जर्मनीतल्या बड्या साखळ्यांना तेवढं पुरत नाही. २००५ नंतर ग्रीनपीस या पर्यावरण संस्थेनं दुकानांतली फळं-भाज्या तपासून निकाल जाहीर करायला सुरुवात केली आणि साखळ्यांची पाचावर धारण बसली. लिडलनं तर कायद्याच्या मर्यादेच्या एक तृतीयांशच अंश चालेल असं जाहीर केलं. दुसऱ्यांचे आकडे वेगळे, पण दिशा तीच. शिवाय एका नमुन्यात एकूण औषधं चार-पाचच्या वर नकोत. आता सांगा, फेब्रुवारीत अवकाळी आला, डाऊनी-भुरी हे दोन्ही रोग एकदम आले, तर शेतकऱ्यानं औषधं बोटांवर मोजत बसायचं? एकच औषध परत परत मारलं तर त्याचा अंश वाढतो, बदलून मारलं तर संख्या वाढते. अडकित्त्यातली सुपारीच की हो.

यात लिडलचा ग्राहक खूश. नियम कुणी केला? कुठल्या संसदेनं नाही. दुकानानं केला. आणि तो पाळण्याचा खर्च, म्हणजे प्रयोगशाळेचं बिल, ग्लोबलगॅप या शेतीपद्धतीच्या खासगी मानकाचं प्रमाणपत्र, नोंदवह्या, हे सगळं ओझर-मोहाडीच्या बाजूला. ग्लोबलगॅपसुद्धा मुळात किरकोळ साखळ्यांनीच १९९७ मध्ये युरेपगॅप नावानं सुरू केलेलं आहे, हे अनेक शेतकऱ्यांना माहीत नसतं. सरकारी योजना समजून ते भिंतीवर फ्रेम करून लावतात.

२०१० साल जुन्या लोकांना आठवत असेल. क्लोरमेक्वाट क्लोराईडचे, म्हणजे वेलीची वाढ रोखणाऱ्या आपल्या लिहोसीनचे अंश सापडले म्हणून युरोपात माल अडकला. निर्यातीच्या द्राक्षबागांची नोंद ठेवणारं सरकारी ग्रेपनेट २००६ पासून सुरू होतं, प्लॉटची नोंदणी होती, तरी फटका बसायचा तो बसलाच. त्या वर्षी कर्जात गेलेली घरं माझ्या नात्यात आहेत.

आता तुमच्या रॉटरडॅमच्या टेबलाकडं येते. आमच्याकडं पनेट, म्हणजे दुकानात ठेवायचे छोटे डबे, भरताना घडाचा देठ हिरवा, मणी ठरलेल्या मिलीमीटरचा, ब्रिक्स म्हणजे गोडी बरोबर, गंधकाचा पॅड लावलेला, सगळं तपासून कंटेनर जेएनपीटी बंदराकडं सुटतो. रॉटरडॅमला पोचल्यावर आयातदाराचा तपासनीस पेट्या उघडतो आणि फोटोंसह अहवाल येतो. "देठ तपकिरी, टक्केवारी अमुक. मणीगळ, टक्केवारी तमुक." एकच पनेट चार बाजूंनी काढलेलं असतं, हे आम्हाला दिसतं, पण सिद्ध काय करणार? माल तिकडं, आपण इकडं. परत आणता येत नाही, दुसऱ्याला विकायला वेळ नाही. मग पुन्हा निवड-पॅकिंगचा खर्च आपल्या नावावर, भावात कपात आपल्या नावावर. एखाद्या वर्षी तिकडच्या बाजारात पेरू देशातला किंवा दक्षिण आफ्रिकेतला माल रेंगाळला असला की देठ जास्त तपकिरी निघतात. निफाडच्या_वेलीनं टोमॅटोच्या चिरांचं जे लिहिलंय ते वाचून हसूच आलं.

२०२३ च्या शेवटाला तांबड्या समुद्रात गडबड सुरू झाली आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. प्रवास दोनेक आठवड्यांनी लांबला. देठ वाळणार नाहीत तर काय होणार? पण अहवालाचा नमुना तोच राहिला.

---

खवचट_मिरची
राखीव जागेत लिहायचं होतं ते सगळं पॅकहाऊसवाली ताईंनी लिहून टाकलं. दंडवत.

अवांतर : २०२४ च्या मे महिन्यात ब्लिंकिट या घरपोच किराणा ॲपनं भाज्यांबरोबर कोथिंबीर फुकट द्यायला सुरुवात केली. कुणाच्या तरी आईला कोथिंबिरीचे पैसे लावलेले बघून धक्का बसला होता म्हणे. देशभर कौतुक. नाशिकच्या कोथिंबीरवाल्याची आई मात्र धक्का न बसता खुरपत होती.

---

लेस्टरकर_नाशिककर
मूळ पाथर्डी फाट्याचा, सध्या मुक्काम इंग्लंड. इथली माहिती देतो, कारण ही साखळ्यांची दादागिरी इथं फार आधी येऊन मुरलेली आहे.

इथल्या स्पर्धा आयोगानं किराणा बाजाराची चौकशी केली आणि २००८ च्या अहवालात म्हटलं की मोठी दुकानं अवाजवी जोखीम आणि अचानक येणारे खर्च पुरवठादारांवर ढकलतात. त्यातून पुरवठा आचारसंहिता आली, २०१० पासून लागू. मागाहून पैसे कापणं, कराराच्या अटी मागच्या तारखेनं बदलणं, दुकानातल्या चोरीचा तोटा पुरवठादाराच्या माथी मारणं, या सगळ्यावर निर्बंध. पण तक्रार करतो कोण? ज्यानं केली त्याची ऑर्डर बंद. म्हणून २०१३ मध्ये स्वतंत्र कायदा करून पंच नेमला, ग्रोसरीज कोड ॲडज्युडिकेटर. तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवायचं बंधन त्याच्यावर आहे. पहिल्या पंच ख्रिस्टीन टॅकन यांनी २०१६ मध्ये टेस्को या बड्या साखळीवर निकाल दिला की पुरवठादारांचे पैसे जाणूनबुजून लांबवले. दंड मात्र नाही, कारण दंडाचा अधिकार त्या प्रकारांनंतर मिळाला होता! आता तो अधिकार इथल्या उलाढालीच्या एक टक्क्यापर्यंत आहे.

युरोपीय संघानंही २०१९ मध्ये निर्देश काढला. नाशवंत मालाचे पैसे ३० दिवसांत, आणि ऑर्डर रद्द करायची तर ३० दिवस आधी सांगा. युरोपाबाहेरच्या पुरवठादारालाही तो लागू आहे. पण मेख अशी की इथली संहिता दुकानाला थेट माल देणाऱ्यापुरती आहे. निफाडचा शेतकरी देतो निर्यातदाराला, तो आयातदाराला, आणि आयातदार दुकानाला. संरक्षण शेवटच्या पायरीला, तोटा मात्र पहिल्या पायरीपर्यंत उतरतो.

ग्राहकांसाठी एक किस्सा. २०२३ च्या फेब्रुवारीत स्पेन-मोरोक्कोत थंडीनं पीक गेलं आणि इथल्या सुपरमार्केटांत टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची गायब. माणशी तीन नगांची मर्यादा लागली. पर्यावरण खात्याच्या मंत्रीणबाईंनी संसदेत हंगामी खाण्याचा उपदेश करताना सलगमचं नाव काढलं, त्यावर देशभर हसं झालं. त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतल्या देशी भाजीवाल्याकडं टोमॅटो होते. महाग, पण होते. तो घाऊक बाजारातून चढ्या भावानं आणत होता. साखळ्यांनी भाव आधीच दाबून बांधून ठेवलेला, त्यामुळे माल कमी पडल्यावर विकणारा जास्त देणाऱ्याकडं गेला. नातूशेठ म्हणतात ते "दहा जणांचे दहा हिशोब" इथं सुपरमार्केटबाहेर फार थोडे उरलेत.

---

गंगापूररोडवासी
@निफाडची_वेल, तुमचा टोमणा लागला. मेथीच्या परतीचे पैसे कंपनी सोसत असेल असंच धरून चाललो होतो. पण मग आम्ही करायचं काय? रविवार कारंज्यावर जायचं आणि पिचके टोमॅटो घ्यायचे, हा काही उपाय नाही.

@लेस्टरकर, माहिती रोचक. असा पंच आपल्याकडं का नाही?

---

आडत्याचा_नातू
कारण आपल्याकडं दोनच बाजू आहेत : बाजार समिती मोडा किंवा बाजार समिती वाचवा. २०२० च्या तीन कृषी कायद्यांच्या वेळी बघितलं ना? कंपनीशी वाद झाला तर दाद प्रांताकडं, दिवाणी न्यायालयाची दारं बंद. २०२१ मध्ये कायदे मागं घेतले आणि चर्चाच संपली. खरेदीदाराला शिस्त लावायची का, कशी, हा प्रश्न ना यांनी घेतला ना त्यांनी.

(धाग्यावर न संपणारं भांडण जुंपू नये म्हणून राजकारण इथंच थांबवतो.)

---

कादवाकाठ
उपायाचं विचारलंय तर आमच्याकडचं सांगतो. एकट्यानं केंद्रावर जाऊन काही होत नाही, हे पहिलं. पोराशी हुज्जत घालून एक दिवस माल उतरेल, दुसऱ्या दिवशी इंडेंटच येणार नाही.

मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सचं उदाहरण सगळे देतात. ते खरंही आहे. शेतकऱ्यांची कंपनी, स्वतःचं पॅकहाऊस, शीतगृह, प्रक्रिया, परदेशातल्या खरेदीदाराशी थेट बोलणी. पण लोक फक्त आकार बघतात. माझ्या मते त्यातली महत्त्वाची गोष्ट प्रक्रियेची आहे. टोमॅटो नाकारला तरी त्याचा केचप-प्युरी करायची सोय शेजारीच असेल, तर नाकारणाऱ्याच्या हातातली काठी अर्धी होते. आमच्यासारख्या शंभर-दीडशे सभासदांच्या कंपनीला ते कुठून जमणार? शिवाय सह्याद्रीकडं द्राक्षाची नवीन लायसनवाली वाणं आहेत, आरासारखी. परदेशी दुकानांना तीच हवीत. म्हणजे आता कुठलं रोप लावायचं तेही दुकानाच्या पसंतीवर आणि वाणाच्या मालकाच्या परवानगीवर. जुना थॉमसन कुणालाही लावता येत होता.

आम्ही लहान प्रमाणावर एवढंच केलं. एका खरेदीदाराकडून, साखळी नव्हे, साखळ्यांना माल पुरवणारा मधला, तीन अटी कागदावर घेतल्या. एक, तपासणी आमच्या शेडवर, गाडी भरायच्या आधी. गाडी सुटली की माल त्यांचा. दोन, आठवड्याला किमान अमुक कॅरेट उचलणारच. कमी उचलले तर फरकाचा ठरलेला हिस्सा देणार. तीन, प्रतीचे फोटो आधीच दोघांच्या सहीनं लावून ठेवायचे. चीर किती लांब असली की नापास, हे मोजपट्टी ठेवून काढलेल्या फोटोत दिसतं.

भाव थोडा कमी घ्यावा लागला. सभासदांत त्यावरून कटकट झाली, अजून होते. तेजीत दोन-चार जण गुपचूप पिंपळगावला माल घालून आले, तेव्हा आम्हीच करार मोडल्यासारखं झालं. हे पण लिहायला हवं, नाहीतर म्हणाल की सगळा दोष त्यांचाच.

---

निफाडची_वेल
कादवाकाठ, हे वाचायचंच होतं. पहिली अट सगळ्यात जड वाटते. गाडी सुटल्यावर माल त्यांचा, हे त्यांनी मान्य कसं केलं?

---

कादवाकाठ
मंदीत नसतं केलं. आम्ही बोलणी केली तेव्हा बाजारात माल नव्हता आणि त्याला मुंबईच्या दुकानांना माल पोचवायचाच होता. तेजीत करार करायचा आणि मंदीत वापरायचा, एवढीच अक्कल. आपण उलटं करतो. मंदीत हातपाय गाळून करार मागतो आणि तेजीत तोच मोडतो.

---

पॅकहाऊसवाली
त्यात चौथी अट घाला. तपासणारा माणूस कोण, त्याचं नाव आणि सही रोजच्या पावतीवर. आणि नापास माल असेल तर कारणासकट लेखी. कारण लिहून द्यावं लागलं की चिरा कमी होतात, असा आमच्याकडचा अनुभव आहे. निर्यातीत आम्ही कंटेनरमध्ये तापमान नोंदवणारं यंत्र ठेवतो, त्यामुळे निदान प्रवासातला बिघाड आणि बागेतला बिघाड वेगळा दाखवता येतो. तरी सगळे वाद जिंकतो असं नाही.

---

गंगापूररोडवासी
कादवाकाठ, तुमच्या कंपनीचा माल नाशिकमध्ये थेट मिळतो का? आमच्या सोसायटीत ८० घरं आहेत. दुसऱ्या प्रतीचे टोमॅटोही चालतील, चिरेसकट.

---

कादवाकाठ
मिळेल. पण ८० घरांतली ६० पहिल्या पावसात "आज नको" म्हणतात, हा आधीचा अनुभव आहे. आठवड्याचे पैसे आगाऊ घेणार. चालत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

गंगापूररोडवासी
व्यनि केलाय. आगाऊ पैशाचं सोसायटीच्या ग्रुपवर टाकलंय, आतापर्यंत अकरा घरं तयार आहेत.

---

खवचट_मिरची
आणि कोथिंबीर फुकट का?